बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता : महाराष्ट्रात सेवा कोणत्या क्रमाने मिळवाव्यात?

बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलासाठी महाराष्ट्रात ज्या सेवा उपलब्ध आहेत, त्या एका छपराखाली नाहीत. निदान आणि सुरुवातीचे उपचार आरोग्य विभागाकडे आहेत, शाळा शिक्षण विभागाकडे किंवा दिव्यांग कल्याण विभागाकडे, मासिक अनुदान तहसील कार्यालयात, आरोग्य विमा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेकडे आणि वयाच्या अठराव्या वर्षानंतरचे कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला, तरी एका खिडकीवरचा कर्मचारी दुसऱ्या खिडकीची माहिती आपणहून देईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आधी काय आणि नंतर काय हे पालकांनाच ठरवावे लागते, आणि बहुतेकांचा वेळ व पैसा वाया जातो तो हा क्रम चुकल्यामुळे. पुढील मांडणी त्या क्रमाने केली आहे.

प्रमाणपत्राआधी उपचार

मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, आलेले शब्द पुन्हा नाहीसे झाले, बसणे-चालणे-बोलणे वयाच्या मानाने फार मागे आहे, यांपैकी काहीही दिसले तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ किंवा ‘याचे वडीलही चार वर्षांचे झाल्यावर बोलले’ यावर विसंबून राहू नये. बालरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर सर्वप्रथम श्रवणक्षमतेची तपासणी मागून घ्यावी. लहान मुलांसाठी ही तपासणी ‘बेरा’ या नावाने ओळखली जाते आणि ती मूल झोपलेले असताना करतात. ऐकू कमी येत असेल तर पुढचा सगळा मार्गच बदलतो, आणि ही साधी गोष्ट तपासण्याआधीच मुलाला वाचा-उपचारासाठी महिनोन्‌महिने पाठवल्याची उदाहरणे कमी नाहीत. झटके येत असतील, किंवा अधूनमधून मूल क्षणभर हरवल्यासारखे होत असेल, तर तेही त्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे.

शासकीय पातळीवर सुरुवात करण्याचे ठिकाण म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाली. त्याअंतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळांमध्ये एकदा मुलांची तपासणी करतात आणि विकासात मागे असलेल्या मुलांना या केंद्राकडे पाठवतात. हे केंद्र सहसा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असते आणि तेथे शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात. पथकाची वाट पाहणे बंधनकारक नाही. अंगणवाडीताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन पालक थेट जाऊ शकतात. मुंबईत नायर रुग्णालयाचे बालकांसाठीचे शीघ्र हस्तक्षेप व पुनर्वसन केंद्र, नवी मुंबईत महानगरपालिकेचे वाशी येथील दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र, खारघर येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे विभागीय केंद्र, नागपूरचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आणि लातूरचे ‘उमंग’ ही त्यातल्या त्यात परिचित ठिकाणे आहेत. स्वयंसेवी क्षेत्रात मुंबईच्या ‘उम्मीद’ बाल विकास केंद्राचे आणि शिवडीच्या जय वकील संस्थेचे काम मोठे आहे.

खासगी उपचारतज्ज्ञ निवडताना नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, तर व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) करणाऱ्यांची नोंदणी महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य परिषदेकडे असते. पालकाला खोलीत बसू न देणारे, घरी काय करायचे ते न सांगणारे आणि पहिल्याच दिवशी वर्षभराचे ‘पॅकेज’ पुढे करणारे केंद्र शक्यतो टाळावे. आठवड्यातील दोन-तीन सत्रांपेक्षा घरातील रोजचे जेवण, आंघोळ आणि खेळ यांतून होणारे शिकणे कितीतरी अधिक असते, म्हणून ज्या तज्ज्ञाकडून पालकाला शिकायला मिळते तोच तज्ज्ञ उपयोगाचा. स्वमग्नता ‘बरी करण्याच्या’ नावाखाली मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या कुटुंबांनी एवढे लक्षात घ्यावे की, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच हा उपचार स्वमग्नतेसाठी शिफारसयोग्य नसल्याचे आणि त्याची जाहिरात करणे व्यावसायिक गैरवर्तन ठरत असल्याचे स्पष्ट केले आहे.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र)

उपचार सुरू असतानाच प्रमाणपत्राचा अर्ज करावा. अनेक पालक, विशेषतः मूल लहान असताना, ‘एकदा शिक्का बसला की कायमचा’ या भीतीने तो टाळतात. ही भीती समजण्यासारखी असली तरी तिची किंमत मुलालाच मोजावी लागते, कारण पुढील जवळजवळ प्रत्येक सेवेचे दार याच कागदाने उघडते. शिवाय लहान वयात मिळणारे प्रमाणपत्र तात्पुरते असते. केंद्राने जाहीर केलेल्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते पाच वर्षे वयाच्या मुलाला ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ असे न लिहिता ‘सर्वंकष विकासात्मक विलंब’ असे निदान दिले जाते; पाच वर्षांनंतर पुन्हा तपासणी होते, ती दहाव्या आणि अठराव्या वर्षीही करावी लागते, आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.

अर्ज केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करायचा असतो. जून २०२१ पासून प्रमाणपत्र याच मार्गाने देणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे जुने हस्तलिखित प्रमाणपत्र असेल तर तेही ऑनलाइन करून घ्यावे. घरी संगणक नसल्यास आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज भरता येतो, मात्र भरणाऱ्याच्या शेजारी बसून प्रत्येक अक्षर वाचावे. आपल्याकडे आधार कार्डावर आडनाव शेवटी, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि जन्मदाखल्यावर कधी कधी बाळाचे नावच नाही, असा प्रकार सर्रास आढळतो. यूडीआयडी कार्डावर जे नाव छापले जाईल तेच पुढे बँकेत, तहसीलमध्ये आणि विम्याच्या अर्जात जुळवले जाते. म्हणून आधी जन्मदाखला आणि आधार यांतील नाव, इंग्रजी स्पेलिंगसह, एकसारखे करून घ्यावे आणि मगच अर्ज भरावा.

अर्ज करताना रुग्णालय निवडावे लागते. शारीरिक दिव्यांगत्वाची तपासणी उपजिल्हा रुग्णालयातही होत असली, तरी बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नतेसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ लागतो आणि तो सगळीकडे नसतो. आपण निवडलेल्या रुग्णालयात तो आहे का, आणि तपासणी करणारे वैद्यकीय मंडळ कोणत्या वारी बसते, हे आधी विचारून घ्यावे. अन्यथा तालुक्याहून पहाटेच्या एसटीने निघालेले कुटुंब दुपारी ‘शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा’ एवढे उत्तर घेऊन परतते.

प्रत्यक्ष तपासणीचा दिवस पालकांनी जरा तयारीने काढावा. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या टक्केवारीसाठी बुद्ध्यांकाच्या चाचणीबरोबरच सामाजिक परिपक्वतेची व्हाइनलँड श्रेणी वापरली जाते आणि तिची माहिती मुख्यतः पालकांना प्रश्न विचारून भरली जाते. नेमक्या याच ठिकाणी आई-वडील नकळत घोटाळा करतात. ‘स्वतःच्या हाताने जेवतो का?’ या प्रश्नाला आई अभिमानाने ‘हो’ म्हणते. पोळीचे तुकडे करून द्यावे लागतात, वरणभात कालवून द्यावा लागतो, ताटातले संपले तर तो मागत नाही आणि पोट भरले तरी थांबत नाही, हे सांगायचे राहून जाते, कारण घरात ते इतके अंगवळणी पडलेले असते की मदत म्हणून मोजलेच जात नाही. म्हणून तपासणीच्या आधीचा आठवडाभर वहीत नोंद ठेवावी : कपडे घालताना बटणे कोण लावते, चप्पल उजवी-डावी कळते का, संडासला जाऊन आल्यावर स्वच्छता कोण करते, दुकानात पाठवले तर सुट्टे पैसे परत आणतो का, एकटा घरात किती वेळ राहू शकतो, रात्री किती वेळा उठतो. फुगवून सांगू नये आणि लपवूही नये. जमत असल्यास वागणुकीचे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवावेत, कारण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मूल एकतर गोठून बसते किंवा अनावर होते, आणि दोन्हीपैकी एकही त्याचे नेहमीचे रूप नसते.

व्हाइनलँड श्रेणीतील गुणांवरून टक्केवारी ठरते ती अशी : ५५ ते ६९ गुण म्हणजे सौम्य आणि ५० टक्के, ३६ ते ५४ म्हणजे मध्यम आणि ७५ टक्के, त्याखाली तीव्र ९० टक्के आणि अतितीव्र १०० टक्के. ७० ते ८४ गुणांच्या सीमारेषेवरील मुलाला २५ टक्के मिळतात आणि बहुतेक योजनांना लागणारा ४० टक्क्यांचा उंबरठा ते मूल ओलांडत नाही. स्वमग्नतेसाठी ‘इसा’ ही भारतीय श्रेणी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात. एकूण ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानले जातात. मुलाला स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही असल्यास दोन्हींची तपासणी व नोंद व्हावी असा आग्रह धरावा. काही सवलती जुन्या नियमांनुसार फक्त बौद्धिक दिव्यांगत्वाच्या नावाने मिळतात, आणि केवळ ‘स्वमग्नता’ लिहिलेले प्रमाणपत्र तेथे अडते.

यूडीआयडी कार्डाच्या पट्टीचा रंग टक्केवारी दाखवतो : ४० पेक्षा कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा आणि ८० किंवा अधिक असल्यास निळा. टक्केवारी पटली नाही किंवा अर्जच नाकारला, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५९ नुसार अपील करता येते. अपिलासाठी नाराजीचे पत्र पुरत नाही. आधीच्या तपासण्यांचे अहवाल, शाळेचा किंवा उपचारतज्ज्ञाचा लेखी अभिप्राय आणि वर सांगितलेली वही जोडावी.

एक फाईल

प्रमाणपत्र हाती आले की एक जाड फाईल करावी आणि तिच्या तीन प्रती ठेवाव्यात : मूळ कागदांची एक घरात, छायाप्रतींची एक कार्यालयात नेण्यासाठी आणि एक मोबाइलमध्ये. जन्मदाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, सर्व वैद्यकीय अहवाल आणि प्रत्येक अर्जाची पोच तिच्यात असावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे समजावे. बँक खाते मुलाच्या नावाने, पालक म्हणून आई किंवा वडिलांसह, आधीच उघडून आधारशी जोडून ठेवावे, कारण अनुदान थेट खात्यात जमा होते.

पैशांची बाजू

संजय गांधी निराधार अनुदान योजना ही राज्यातील मुख्य आधार आहे. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आली. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. ही मर्यादा आजच्या महागाईत हास्यास्पद आहे. शेतमजुरी करणारे दोघे जणही ती ओलांडतात. तरीही पात्र असूनही केवळ तलाठ्याकडचा दाखला न काढल्यामुळे वंचित राहिलेली कुटुंबे खेड्यापाड्यांत आहेत. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेवा केंद्रातून करावा. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, आणि तो वेळेत न दिल्यास अनुदान कोणतीही सूचना न मिळता बंद पडते.

‘निरामय’ ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना मात्र उत्पन्न कितीही असले तरी घ्यावीच. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या कोणत्याही वयाच्या व्यक्तीला तिच्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही, विम्याआधीची वैद्यकीय तपासणी नाही, आणि खासगी विम्यात सहसा न बसणारे नियमित उपचार, म्हणजे वाचा-उपचार व व्यवसायोपचार, ठरावीक उपमर्यादेत बसतात. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५० आणि इतरांना ५०० रुपये आहे. अर्ज न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत भरला जातो. जिल्ह्यातील अशा संस्थांची यादी न्यासाच्या संकेतस्थळावर मिळते. विम्याचे वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे नूतनीकरण त्याआधीच उरकावे. दाव्यासाठी प्रत्येक सत्राचे स्वतंत्र, तारीख-सही-शिक्क्यासह बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ‘महिन्याचे थेरपी शुल्क’ असे एका ओळीचे बिल परत येते, हे उपचार केंद्राला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवावे.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांना हे लागू आहे. काही महानगरपालिका त्यातून बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांना वार्षिक किंवा मासिक अर्थसाहाय्य देतात, तर अनेक ग्रामपंचायतींत हा निधी मार्चअखेरीस कसाबसा वाटला जातो. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडावा. एकट्याने बोलण्यापेक्षा गावातील चार-पाच दिव्यांग कुटुंबांनी एकत्र अर्ज दिल्यास ग्रामसेवकाला उत्तर देणे भाग पडते.

प्रवासात एसटी बसच्या भाड्यात दिव्यांग व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास सोबत्याला ५० टक्के. रेल्वेत, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी शासकीय डॉक्टरांनी भरून दिलेला रेल्वेचा विहित नमुना लागतो. त्यावरून रेल्वे स्वतंत्र ओळखपत्र देते.

नोकरदार पालकांसाठी दोन गोष्टी. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ‘८० डीडी’ म्हणून ओळखली जाणारी ७५,००० रुपयांची वजावट, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट, प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्यांशिवाय मिळते. नव्या करपद्धतीत ती मिळत नाही, त्यामुळे पद्धत निवडताना दोन्ही बाजूंनी हिशोब करून पाहावा. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. शासकीय कर्मचाऱ्याच्या, स्वतः अर्थार्जन करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकते, आणि भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही पूर्णतः व कायमस्वरूपी दिव्यांग अपत्यासाठी तशी तरतूद आहे. हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांच्या मृत्यूनंतर भावंडांवर येते आणि तेव्हा कार्यालयात कोणाला काही आठवत नसते. सेवेत असतानाच अपत्याचे नाव व दिव्यांगत्व कुटुंबाच्या तपशिलात आणि सेवापुस्तकात नोंदवून त्याची साक्षांकित प्रत फाईलमध्ये ठेवावी.

शाळा

२०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ हे मुख्याध्यापकांचे उत्तर म्हणूनच तोंडी स्वीकारू नये. प्रवेशासाठी लेखी अर्ज द्यावा आणि नकारही लेखी मागावा. हा आग्रह धरला की बोलण्याचा सूर बऱ्याचदा बदलतो. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग बालके वंचित गटात मोडतात, त्यामुळे त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. सौम्य दिव्यांगत्व असलेले, गोंगाट सहन करू शकणारे मूल जवळच्या शाळेत भावंडांबरोबर गेल्यास पुष्कळ शिकते. पण साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर वर्षभर नुसते बसवून ठेवणे म्हणजे समावेशन नव्हे. सर्वसाधारण शाळा निवडल्यास समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांची भेट घ्यावी. ते पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात किंवा शहर साधन केंद्रात मिळतात. मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करून घ्यावा, तसेच मदतनीस व प्रवासभत्ता, मुलींसाठी प्रोत्साहनभत्ता आणि शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षण यांची चौकशी करावी. विशेष शाळा निवडल्यास ती अनुदानित आहे का, तिची नोंदणी चालू आहे का आणि जय वकील संस्थेच्या सहभागातून राज्याने स्वीकारलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम तेथे प्रत्यक्ष राबवला जातो का, हे पाहावे. सणाच्या दिवशी सजलेली शाळा पाहून निर्णय घेऊ नये. साध्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत जावे. त्या वेळी मुलांशी कोण बोलते आहे आणि कोण नुसते ओरडते आहे, ते दिसते.

दहावीच्या परीक्षेतील सवलती, म्हणजे तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक आणि काही विषयांना पर्याय, शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून मंजूर कराव्या लागतात. नववीतच त्याची तयारी सुरू करावी. दहावीच्या साच्यात न बसणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था किंवा राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ हा मार्ग आहे. मात्र तो केवळ प्रमाणपत्रासाठी घ्यायचा, की तीच वर्षे स्वयंपाक, पैशांचे व्यवहार आणि प्रवास शिकवण्यात घालवायची, याचा विचार मुलाकडे पाहून करावा, नातेवाइकांकडे पाहून नव्हे.

काम अडले तर

प्रत्येक शासकीय आस्थापनेत २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. पहिली तक्रार त्याच्याकडे करावी. जिल्हा पातळीवर जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग दिव्यांगांच्या योजनांचे काम पाहतो. त्यावरही काम न झाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. आयुक्तांना अधिनियमाखाली चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून आलेली नोटीस साध्या स्मरणपत्राप्रमाणे बाजूला ठेवता येत नाही. ज्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहेत, त्यांच्यासाठी मुदत ठरलेली असते आणि ती उलटल्यास अपील करता येते. तक्रारीत रागाचे शब्द कमी आणि तारखा जास्त असाव्यात.

अठरावे वर्ष

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँकेत त्याच्या खात्यावर आईची सही चालेनाशी होते, मालमत्तेचे कागद अडतात, निवृत्तिवेतनाचा प्रश्न येतो, आणि बऱ्याच कुटुंबांना हे पहिल्यांदा कळते ते बँकेच्या खिडकीवर. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि ती कायदेशीर पालक नेमते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी त्याकरिता न्यायालयात जावे लागत नाही. आई, वडील किंवा नातेवाईक स्वतःच्या पसंतीच्या व्यक्तीसाठी अर्ज करू शकतात. नोंदणीकृत संस्थेलाही पालकांच्या संमतीने अर्ज करता येतो. मुलाचे प्रमाणपत्र, जन्मदाखला, अर्जदार व प्रस्तावित पालक यांची ओळखपत्रे आणि प्रस्तावित पालकाची लेखी संमती जोडावी. समितीच्या बैठका नियमित होतीलच असे नाही, म्हणून अठरावा वाढदिवस होताच अर्ज देता येईल अशी तयारी सतराव्या वर्षीच पूर्ण करावी आणि न्यासाच्या नोंदणीकृत संस्थेची मदत घ्यावी, कारण अशा संस्थेचा प्रतिनिधी समितीवर असतो. समितीने दिलेले पालकत्व प्रमाणपत्र स्वीकारावे, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना दिल्या आहेत. शाखेत अडचण आल्यास त्या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा.

पूर्ण पालकत्व प्रत्येकालाच घ्यावे असे मात्र नाही. त्या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कारणांसाठी आहे, हे समितीने पाहावे असे १९९९ च्या अधिनियमातच म्हटले आहे, आणि २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १४ मध्ये ठरावीक निर्णयापुरते व ठरावीक मुदतीचे ‘मर्यादित पालकत्व’ आहे. स्वतःच्या पगाराचे पैसे एटीएममधून काढणाऱ्या, मतदान करणाऱ्या, सौम्य दिव्यांगत्व असलेल्या तरुणाचे सगळे अधिकार एका कागदाने काढून घेणे हे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. अर्जात नेमके कशासाठी पालकत्व हवे ते लिहावे.

पालक म्हणून नेमणूक झाल्यावर जबाबदाऱ्या सुरू होतात. सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची व येणी-देण्यांची यादी समितीकडे द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत हिशोब सादर करावा लागतो. पालकाच्या मृत्यूनंतर हे प्रमाणपत्र आपोआप भावाकडे किंवा बहिणीकडे जात नाही, नवा अर्ज करावा लागतो. म्हणून पुढे कोण, हे घरात स्पष्टपणे बोलून त्या व्यक्तीला फाईल दाखवून ठेवावी. भावंडांवर ही जबाबदारी गृहीत धरून टाकू नये. त्यांना विचारावे, आणि त्यांनी नकार दिला तर तोही मान्य करून दुसरी व्यवस्था पाहावी.

मृत्युपत्र करणे टाळू नये. घर किंवा रक्कम थेट दिव्यांग अपत्याच्या नावे ठेवली तर तिचा व्यवहार कोण करणार, हा प्रश्न उरतोच. थोडीफार मालमत्ता असलेल्या कुटुंबांनी खासगी विश्वस्त निधी स्थापन करून विश्वस्त आणि पालक या दोन वेगळ्या व्यक्ती ठेवणे अधिक सुरक्षित आहे, कारण त्यात एकाचे दुसऱ्यावर लक्ष राहते. बँकेतील नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे, हेही वकिलाकडून समजून घ्यावे.

कामाच्या दृष्टीने पाहता, शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के दिव्यांग आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या गटासाठी आहे, पण प्रत्यक्षात बहुसंख्य तरुणांचा संबंध येतो तो अठरा वर्षांपुढील मुलांच्या कार्यशाळांशी. कार्यशाळा निवडताना तेथे तयार होणारा माल खरोखर विकला जातो का, आणि मुलांना त्याचे विद्यावेतन मिळते का, हे विचारावे. वर्षानुवर्षे त्याच पणत्या रंगवून कपाटात ठेवणाऱ्या कार्यशाळेपेक्षा नात्यातल्या किराणा दुकानात रोज दोन तास पुड्या बांधण्याचे काम अधिक मोलाचे असू शकते.

निवासी व्यवस्थेचा विचार पालक सत्तरीला पोहोचेपर्यंत पुढे ढकलला जातो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ आणि ‘घरौंदा’ या योजनांखाली अल्पकालीन व दीर्घकालीन निवासाची केंद्रे चालतात, आणि डोंबिवलीजवळ खोणी येथील ‘घरकुल’सारखी पालकांनीच उभारलेली वसतिगृहेही राज्यात आहेत, मात्र जागा थोड्या आणि प्रतीक्षा मोठी असते. पालक हिंडते-फिरते असतानाच नाव नोंदवावे आणि दोन-चार दिवसांच्या मुक्कामापासून सुरुवात करावी. केंद्राची २०१६ च्या अधिनियमाखालील नोंदणी पाहावी, रात्री किती कर्मचारी असतात आणि मुलींच्या विभागात कोण असते ते विचारावे, औषधांची रोजची नोंदवही मागून पाहावी. न कळवता भेटायला येण्यास हरकत घेणाऱ्या केंद्रात मुलाला ठेवू नये. पहिल्या मुक्कामाला जाताना मुलाच्या सवयींचे एक पान लिहून द्यावे : कोणते औषध कशात मिसळून घेतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, झोपताना कोणती चादर लागते, पोटात दुखत असेल तर ते कसे दाखवतो. हे पान दर सहा महिन्यांनी नव्याने लिहावे आणि त्याची प्रत फाईलमध्ये सर्वांत वर लावावी.